न मोजलेली चारशे पावलं

हेल्वी कास्क पुढं आणि बाकीचे तिच्या मागं, एका ओळीत, तिच्याच पावलावर पाऊल ठेवून. तेद्रेसोच्या दलदलीत शिरायची हीच रीत होती. राजधानीतून साहेब येवोत, विद्यापीठातून शेवाळाचे अभ्यासक येवोत नाहीतर शाळेची सहल येवो, हेल्वी सगळ्यांचे आधी बूट बघायची. कुणाच्या पायात शहरी बूट दिसले की म्हणायची, "छान आहेत हो. गाडीतच ठेवा. नाहीतर दलदलीला आवडतील आणि ती परत द्यायची नाही."

सत्ताविसाव्या वर्षी ती या राखीव क्षेत्राची रखवालदार झाली आणि आता एकसष्टची होती. उंच, हाडकुळी, करड्या केसांची एकच जाड वेणी, आणि हातात तिच्या खांद्याएवढी काठी. काठीवर वीत-वीतभर अंतरावर खाचा होत्या. पाण्यात काठी बुडवायची, खाच वाचायची आणि वहीत आकडा टाकायचा, हे काम ती चौतीस वर्षं करत होती. तीन हजार हेक्टरांत कुठं पाय ठेवला तर घोट्यापर्यंत जातो आणि कुठं ठेवला तर माणूसच जातो, हे तिला तोंडपाठ होतं. फक्त आता डावा खुबा कुरकुरत होता. डॉक्टर म्हणाले होते, "चालणं कमी करा." ती म्हणाली होती, "मग मी काम काय करू? दलदलीला पत्रं लिहू?"

या खुब्यापेक्षा जास्त दुखणारी एक गोष्ट मात्र तिच्यापाशी होती आणि ती तिनं कुठल्याच डॉक्टरला सांगितली नव्हती.

सोविएत काळात या दलदलीतून सरळ रेषेत चर खणले होते. पाणी काढून टाकायचं, जमीन कोरडी करायची, झाडं लावायची, असा बेत होता. झाडं धड आली नाहीत, पण दलदल मात्र वाळत गेली. शेवाळ करपलं, रानकोंबडे कमी झाले. सोळा वर्षांपूर्वी ठरलं की हे चर जागोजागी बांध घालून बुजवायचे आणि पाणी पुन्हा अडवायचं. पण कुठं बांध घातला की पाणी कुठं वळेल, हे कळायला जमिनीचा उतार मोजायला हवा होता. ते काम हेल्वीकडं आलं. दोन उन्हाळे ती मोजपट्टी आणि दुर्बीण घेऊन पावलापावलानं फिरली. अगदी शेवटच्या आठवड्यात, उत्तरेच्या कडेला, विलोच्या दाट झुडपांत ती कमरेपर्यंत आत गेली. गुडघा पिरगळला. बाहेर पडायला अर्धा तास लागला. वर चार दिवस पाऊस. कागद द्यायची तारीख सोमवारची होती.

झुडपांच्या अलीकडचं माप होतं, पलीकडचं माप होतं. मधली चारशे पावलं राहिली होती. रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हेल्वीनं पट्टी लावली आणि दोन टोकं जोडून टाकली. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

बांध झाले. दोन वर्षांत शेवाळ पुन्हा तांबडं-हिरवं फुगलं, रानकोंबडे परत नाचायला लागले, वर्तमानपत्रात हेल्वीचा फोटो आला. आणि त्याच वर्षी जून उजाडला तरी उत्तरेकडच्या ओढ्याकाठचं काल्यूचं कुरण पाण्याखालीच राहिलं.

काल्यू म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा, आयनोचा नवरा. मोठ्या हातांचा, मोठ्या आवाजाचा शेतकरी. पहिल्या वर्षी तो हसत म्हणाला, "हेल्वी, तुझी दलदल माझ्याकडं पाहुणी आलीय, तिला घरी घेऊन जा." दुसऱ्या वर्षी त्याला हसू आलं नाही. तिसऱ्या वर्षी चौकशी समिती आली. समितीनं नकाशा उलगडला, बोट फिरवलं आणि सांगितलं, उतार उलट्या बाजूला आहे, पाणी इकडून येणं शक्यच नाही. तो नकाशा हेल्वीचाच होता, त्या चारशे पावलांसकट.

"पाणी नकाशे वाचत नाही!" काल्यू सगळ्यांसमोर ओरडला, टोपी घातली आणि निघून गेला. त्यानंतर त्यानं हेल्वीच्या अंगणात पाऊल टाकलं नाही. आयनो बिचारी दोघांच्या मध्ये. बहिणी भेटायच्या त्या गावातल्या दुकानात, नाहीतर आईबापांच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला. काल्यू तेव्हा गाडीत बसून राहायचा, काच वर करून.

आपलं मोजमाप बरोबर असेलही, असं हेल्वी स्वतःला सांगायची. दोन टोकं तर खरी होती ना! पण दर जूनमध्ये त्या बाजूच्या रस्त्यानं जाताना ती मान दुसरीकडं वळवायची.

अशी वर्षं गेली आणि एका ऑगस्टमध्ये लीस आली. लीस जिल्ह्याच्या कचेरीची नवी प्रमुख, वय तेहतीस. दुसरीत असताना ती शाळेच्या सहलीबरोबर इथं आली होती, तिचा एक बूट दलदलीनं ठेवून घेतला होता आणि हेल्वीनं तिला पाठुंगळी घेऊन बाहेर आणलं होतं. तेव्हापासून ती हेल्वीला मावशी म्हणायची. साहेबीण झाली तरी तिचं मावशी म्हणणं सुटलं नव्हतं.

"मावशी, आपल्याला ड्रोन घ्यायचाय," कॉफीचा कप हातात घेत लीस म्हणाली. "सगळ्या राखीव क्षेत्राचा वरून नकाशा. तीन यंत्रं पाहिलीत. निवड तू करायचीस."

"मी? अगं, मला फोनवरून फोटो पाठवता येत नाही. मागच्या वेळी रानकोंबड्याचा म्हणून तुला माझ्या अंगठ्याचा पाठवला होता."

"तो फार सुंदर आला होता. मी ठेवलाय." लीस हसली. "उडवायला मी शिकलेय, परवाना आहे माझ्याकडं. पण काय बघायला हवं, ते तुला ठाऊक. मला नाही. मी कागदावरची दलदल ओळखते, तू खरी."

हेल्वीनं भाकरीवर लोणी फासलं, त्यावर भाजक्या माशाचा तुकडा ठेवला आणि तिच्यापुढं सरकवला. वरून सगळं दिसणार. सगळं. ती चारशे पावलंसुद्धा.

सप्टेंबरच्या मध्याला चाचणी झाली. दक्षिण टोकाला राय नावाच्या धान्याचं, कापणी झालेलं एक शेत होतं आणि त्यात परतीच्या प्रवासाला जमलेले करकोचे चरत होते, चारेकशे तरी. विक्रेते आपापली यंत्रं घेऊन आले. सगळे माना वर करून आकाशाकडं बघत होते. हेल्वी एकटी डोळ्याला दुर्बीण लावून करकोचांकडं बघत बसली होती.

"मावशी, यंत्र वर आहे," लीस म्हणाली.

"यंत्राची चौकशी मी यांच्याकडं करतेय," हेल्वीनं करकोचांकडं बोट केलं.

पहिलं यंत्र सहा पात्यांचं, पोटाशी लेझरची पेटी असलेलं. गवताच्या, झुडपांच्या फटींतून ते थेट जमिनीचं माप घेतं म्हणे. पण उचलायला दोन माणसं, बॅटऱ्यांच्या तीन पेट्या आणि सोबत त्यांचाच चालक. ते उठलं तेव्हा झाडं कापायचं यंत्र सुरू झाल्यासारखा आवाज झाला. चारशे करकोचे एकदम उठले आणि कर्कश ओरडत नदीपार गेले.

"यांनी उत्तर दिलं," हेल्वी म्हणाली.

करकोचे परतायला दोन तास लागले. तोवर सगळ्यांनी थर्मासमधली कॉफी संपवली.

दुसरं यंत्र पंखांचं, छोट्या विमानासारखं. राइगो नावाच्या विक्रेत्यानं ते धावत जाऊन हवेत भिरकावलं. सुरेख उडालं. आवाज जवळजवळ नाहीच. करकोचांनी मानसुद्धा वर केली नाही. एका तासात त्यानं चारशे हेक्टर पालथे घातले. कचेरीतली माणसं टाळ्या वाजवायची तेवढी बाकी होती.

तिसरं चार पात्यांचं, घडी घालून पाठपिशवीत मावणारं. पन्नास मीटरवर होतं तेव्हा करकोचे अस्वस्थ झाले, दोघातिघांनी पंख उघडले. शंभर मीटरवर गेल्यावर माना वर केल्या, थोडं बघितलं आणि पुन्हा दाणे टिपायला लागले. पण यंत्र हळू. अर्ध्या तासात बॅटरी संपायची, खाली घ्यायचं, बदलायची, पुन्हा वर. सगळं राखीव क्षेत्र करायचं तर तीन आठवडे.

"हा प्रश्नच नाही," जेवायच्या वेळी राइगो म्हणाला. "पंखांचं घ्या. दोन दिवसांत काम खलास."

"जमिनीची उंची किती बारीक सांगतं?" हेल्वीनं विचारलं.

"अर्ध्या मीटरपर्यंत. म्हणजे त्यातले बारीकसारीक खड्डे नाही दिसणार. पण ते कुणाला हवेत? एवढ्या मोठ्या नकाशात हातभर इकडं काय, तिकडं काय!"

"आणि ते छोटं?"

"ते खेळणं चार-पाच सेंटीमीटरपर्यंत सांगतं. पण ते फक्त कॅमेऱ्यानं बघतं. गवत उभं असेल तर गवताचा शेंडा दिसतो, जमीन नाही. बाई, तुम्ही गवताची उंची मोजत बसाल."

सगळे हसले. हेल्वीही हसली. तिच्या मनात आलं, अर्धा मीटर. त्या चारशे पावलांत चूक असली तरी अर्धा मीटर काही असणार नाही. फार तर वीतभर. हे पंखांचं पाखरू त्या झुडपांवरून उडत जाईल आणि त्याला काहीसुद्धा दिसणार नाही. नवा नकाशा होईल, जुन्याच्या जागी लागेल आणि ती दोन वर्षांत निवृत्त होईल. पाखरांना त्रास नाही, कचेरीला उशीर नाही, कुणाची तक्रार नाही. तिच्यावर कुणी बोट ठेवू शकणार नव्हतं. उलट सगळे म्हणाले असते, किती समंजस निवड!

तिनं लीसकडं सोमवारपर्यंतची मुदत मागितली.

शनिवारी तिनं सौनाची वाफखोली तापवली, एकटीच बसली. रविवारी क्रॅनबेरी तोडायला दलदलीत गेली. अर्धी टोपलीही भरली नसेल, तोच तिला सातव्या बांधापाशी पाणी दिसलं. बांधाच्या अलीकडं आणि पलीकडं पाण्याच्या पातळीत तिच्या काठीच्या एका खाचेचा फरक होता. एक वीत. या एका वितीसाठी दोन माणसांनी आठवडाभर लाकडं ठोकली होती, आणि याच वितीनं दोनच वर्षांत मेलेलं शेवाळ जिवंत केलं होतं. ती तिथंच एका गवताच्या गड्ड्यावर बसली. खुबा ठणकत होता. 'हातभर इकडं काय, तिकडं काय,' राइगोचं वाक्य तिला आठवलं आणि तिला त्याचा नाही, स्वतःचाच राग आला.

सोमवारी सकाळी तिनं फोन केला.

"लीस, छोटं घे."

"चार पात्यांचं? मावशी, सगळ्यांचं मत—"

"सगळ्यांना जंगल दिसतं. आपल्याला पाणी बघायचंय. दलदलीत वीत म्हणजे डोंगर, पोरी. हातभर चूक असलेला नकाशा घेऊन मी काय करू? भिंतीला लावू?"

"पण गवताचं काय? राइगो खोटं नाही बोलला. कॅमेऱ्याला खालची जमीन नाही दिसणार."

"राइगो एप्रिलमध्ये इथं आलाय का कधी? बर्फ गेला की सगळं गवत झोपलेलं असतं, ओले केस विंचरून बसवल्यासारखं. झुडपांना पान नसतं. जमीन उघडी पडते. करकोचे आलेले असतात, पण अंड्यांवर बसलेले नसतात. आठ दिवस मिळतात, कधी दहा. तेवढ्यात उडवायचं."

"आठ दिवसांत सगळं होणार नाही."

"सगळं नको. पहिल्या वर्षी उत्तरेची कड कर." हेल्वीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "तिथं माझं एक काम राहिलंय."

लीसनं कसलं काम ते विचारलं नाही. दलदलीत जपून पाऊल टाकणाऱ्या माणसाला घाई करू नये, हे ती दुसरीत असतानाच शिकली होती.

एक अडचण मात्र उरली. उत्तरेच्या कडेला कोरडी, उंच, मोकळी अशी एकच जागा होती, जिथून यंत्र उडवता आणि उतरवता येईल. काल्यूच्या गवताच्या कोठारामागचं टेकाड.

मार्च संपत आला होता. रस्त्याकडेला बर्फ मळला होता. हेल्वीनं बहिणीच्या दारावर थाप मारली. आयनोनं दार उघडलं आणि तिच्या हातातला पुसायचा फडका खाली पडला.

"ताई! कुणी गेलं का?"

"कुणी नाही गेलं. काल्यू आहे?"

काल्यू मागच्या शेडमध्ये बर्च झाडांचा रस काढायच्या बादल्या धूत होता. त्यानं मान वर केली, तिला पाहिलं आणि पुन्हा बादली घासायला लागला.

"तुझ्या टेकाडावर मला चार दिवस उभं राहायचंय," हेल्वी म्हणाली. "ड्रोन उडवायला. कडेची जमीन मोजायचीय."

"वा. आता आकाशातून येऊन सांगणार, काल्यू, तुझं कुरण कोरडं आहे, तुझे पायच ओले आहेत."

"काल्यू, ऐक."

"बारा वर्षं ऐकतोय. समितीचं ऐकलं, तुझ्या नकाशाचं ऐकलं."

"त्या नकाशाबद्दलच सांगायचंय." हेल्वीनं काठी भिंतीला टेकवली. "विलोच्या झुडपातली चारशे पावलं मी मोजलीच नव्हती. आत रुतले होते, गुडघा गेला होता. मग पट्टीनं रेघ ओढली. बरोबर असेल, चूक असेल, मला ठाऊक नाही. तेव्हाही नव्हतं. समितीपुढं मी गप्प बसले."

बादलीतलं पाणी हलायचं थांबलं. आयनो शेडच्या दारात उभी होती. तिनं तोंडावर हात ठेवला.

काल्यूनं बादली बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मी तुला खोटारडी म्हटलं होतं. आयनोजवळ. कितीतरी वेळा."

"मला ठाऊक आहे. गाव लहान आहे."

"तेव्हा मला वाटायचं, मी रागानं बोलतोय. खरं असेल असं नव्हतं वाटलं." त्यानं हात पॅंटला पुसले. "बारा वर्षांनी का सांगतेस? तुझं यंत्र काही दाखवेल म्हणून? आधीच कबूल केलेलं बरं म्हणून?"

"नाही. काहीच न दाखवणारं यंत्र मला घेता आलं असतं. सगळे तेच घ्या म्हणत होते."

काल्यूनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग बादली पालथी घातली, तिच्यावर बसला आणि म्हणाला, "टेकाड घे. पण मी तिथं उभा राहणार. माझं कुरण मोजताना मी घरात बसणार नाही."

"कोठारात खुर्ची असेल तर तीही आण," हेल्वी म्हणाली. "चार दिवसांचं काम आहे आणि आपण कुणी तरुण नाही."

आयनो रडायला लागली होती. रडता रडता ती म्हणाली, "बटाटे टाकलेत मी. दोघांनी आत या. नाहीतर दोघांना इथंच कोंडते."

त्या वर्षी बर्फ एप्रिलच्या तीन तारखेला गेला. लीस पाठपिशवी घेऊन आली. आणि वारा सुटला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. राइगोचं 'खेळणं' पिशवीतच राहिलं. करकोचे जोडीजोडीनं उतरत होते, नाचत होते, आणि हेल्वी दिवसातून दहा वेळा आकाशाकडं बघत होती. आठातले तीन दिवस गेले.

वारा होता तरी एक काम करता येत होतं. वरून काढलेल्या फोटोंना जमिनीशी घट्ट जोडायला खुणा लागतात. काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पाट्या, ठरावीक जागी ठेवून त्यांचं नेमकं ठिकाण नोंदवायचं. हेल्वीनं जुन्या प्लायवूडच्या वीस पाट्या रंगवल्या होत्या. त्या दलदलीत नेऊन कोण ठेवणार? लीसला वाट ठाऊक नव्हती, हेल्वीचा खुबा साथ देत नव्हता. सकाळी ती पहिल्या पाच पाट्या उचलत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"इकडं दे. तुझ्या चालीनं जूनपर्यंत पोचतील." काल्यू होता. पायात दलदलीत घालायचे रुंद, जाळीदार तळव्यांचे बूट, बापाच्या वेळचे.

"माझ्या पावलावर पाऊल ठेव," हेल्वी म्हणाली.

"आयुष्यभर बायकोनं हेच सांगितलं. आता मेव्हणी."

दोन दिवस ते दोघं चालले. ती पुढं, काठीनं चाचपत. तो मागं, पाट्या पाठीवर घेऊन. विलोच्या झुडपापाशी पोचल्यावर हेल्वी थांबली. पुढं ती पाऊल टाकेना.

"इथंच रुतले होते."

काल्यूनं काठी तिच्या हातातून घेतली, पुढं झाला, खोचून पाहिलं. "आता तू माझ्या पावलावर ठेव," तो म्हणाला. तिथं त्यांनी चार पाट्या ठेवल्या, हव्या होत्या त्यापेक्षा दोन जास्त.

चौथ्या दिवशी सकाळी वारा पडला. लीसनं टेकाडावर घडी उघडली. काल्यू खुर्चीत बसला होता. तो पुढं वाकला.

"हे? एवढंसं? माझ्या कोंबड्या यापेक्षा जास्त आवाज करतात."

"कोंबड्यांना नकाशा काढता येत असता तर त्याच घेतल्या असत्या," लीस म्हणाली आणि यंत्र वर गेलं.

चार दिवस ते सरळ रेषेत जात राहिलं, येत राहिलं, शेतात नांगर फिरावा तसं. हेल्वीची दुर्बीण करकोचांवर होती. ओढ्यापलीकडं एक जोडी होती. यंत्र वरून गेलं की नर मान वाकडी करून बघायचा आणि पुन्हा मादीभोवती फिरायला लागायचा. चौथ्या दिवशी दुपारी शेवटची बॅटरी संपली. दुसऱ्या सकाळी त्यातली मादी अंड्यावर बसलेली दिसली. हेल्वीनं इतक्या जोरात श्वास सोडला की लीसनं वळून पाहिलं.

नकाशा तयार व्हायला सहा दिवस लागले. लीस संगणक घेऊन सरळ आयनोच्या स्वयंपाकघरात आली. टेबलावर काकडीचं लोणचं, राय धान्याची भाकरी आणि बर्चचा ताजा रस होता. कुणी हात लावला नाही. पडद्यावर उंच जमीन तपकिरी, सखल जमीन निळी. लीसनं उत्तरेची कड मोठी केली. मग तिनं एका जागी बोट ठेवलं.

विलोच्या झुडपांमधून एक निळी रेघ गेली होती. बारीक, पण पट्टीनं मारल्यासारखी सरळ.

"एवढी सरळ रेघ निसर्ग मारत नाही," हेल्वी हळू आवाजात म्हणाली. "चर आहे. जुना चर."

"कुठल्याच कागदावर नाही," लीस म्हणाली. "शेवाळानं वरून झाकलाय. आजूबाजूपेक्षा अठरा सेंटीमीटर खोल. सातव्या बांधावर अडलेलं पाणी वळसा घालून यात शिरतं, आणि इथून…" तिचं बोट ओढ्याकडं सरकलं, काल्यूच्या कुरणाच्या बरोबर वरच्या अंगाला.



"माझी चूक," हेल्वी म्हणाली. हे शब्द बाहेर पडल्यावर छप्पर कोसळेल असं तिला बारा वर्षं वाटत आलं होतं. पण छप्पर जागेवर होतं. तिला फक्त तहान लागली होती. तिनं समोरचा बर्चच्या रसाचा पेला उचलला आणि एका दमात संपवला. "मग आता सगळे बांध काढावे लागतील?"

"बांध? कशाला?" लीस गोंधळली. "मावशी, नीट बघ. बाकी सगळा उतार तू काढलास तसाच आहे. दोन-चार सेंटीमीटर इकडंतिकडं. या चराच्या तोंडाशी एक बूच मारायचं, बास. अर्ध्या दिवसाचं काम. पाखरांची पिल्लं उडाली की ऑगस्टमध्ये."

"अर्धा दिवस," काल्यू म्हणाला.

"हो."

तो खुर्चीत मागं रेलला. सगळे त्याच्याकडं बघत होते. त्यानं डोक्यावरून हात फिरवला. "म्हणजे बारा वर्षं मी बरोबर होतो," तो म्हणाला, "आणि त्याचा कुणालाच काडीचा उपयोग झाला नाही. मलासुद्धा नाही."

आणि तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांत पाणी आलं. आयनोनं त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि तीही हसायला लागली. हेल्वी हसली नाही. तिनं दोन्ही तळवे टेबलावर पसरले आणि नुसती बसून राहिली. दिवसभर दलदल तुडवून आल्यावर ओले बूट काढावेत आणि उघड्या पायांना शेगडीची ऊब लागावी, तसं तिला झालं होतं.

तिनं चारशे पावलांची हकीकत एका कागदावर लिहून कचेरीला दिली. लीसनं ती वाचली, जुन्या नकाशाला दुरुस्ती म्हणून जोडली आणि फाईल मिटली. शिक्षा काय, असं हेल्वीनं विचारलं तेव्हा लीस म्हणाली, "मला ड्रोनवर लावायला चिकटपट्टीवर तेद्रेसो लिहून दे. माझं अक्षर वाईट आहे."

ऑगस्टमध्ये छोटं खोदयंत्र आलं. काल्यू कडेला उभा राहून चालकाला सूचना देत होता. चालकानं शेवटी वैतागून विचारलं, "काका, हे तुम्ही चालवता का?" दुपारच्या जेवणाआधी बूच बसलं होतं.

पुढच्या वर्षी जून लागला तेव्हा कुरणातलं पाणी उतरलं होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात काल्यूनं गवत कापलं. आयनोनं फोन करून बहिणीला बोलावलं आणि हेल्वी दाताळं घेऊन आली. खुब्यामुळं ती फार ओढू शकत नव्हती, पण कडेकडेनं गोळा करत होती. दुपारी तिघं कोठाराच्या सावलीत बसली. शेपूची पानं घातलेले नवे बटाटे, दही आणि भाजलेला मासा. गवताचा वास इतका दाट होता की जेवणाला वेगळ्या चवीची गरज नव्हती.

काल्यूनं अचानक खाणं थांबवलं.

"हेल्वी, ओढ्यात खालच्या बाजूला बीव्हरनं बांध घालायला घेतलाय. काल पाहिला. दोन झाडं कुरतडून पाडलीत."

"कुठल्या काठाला?"

"अर्धा तुझ्या, अर्धा माझ्या."

"मग तो कुणाचा बीव्हर?"

"तुझा," काल्यू ठामपणे म्हणाला. "बांध घालायची खोड तुमच्याकडचीच."

हेल्वीनं त्याच्या ताटातला सगळ्यात मोठा बटाटा उचलला आणि खाऊन टाकला.